बेंच प्रेस : पकड किती रुंद, साधने कोणती?

बालरोगतज्ज्ञाकडे येणारे सर्वच रुग्ण आईच्या कडेवर बसून येतात, असा एक गोड गैरसमज आहे. प्रत्यक्षात चौदा ते अठरा वर्षांचे, नुकतीच मिसरूड फुटलेले कुमारही आमच्याकडे येतात, आणि त्यांतील कित्येकांची तक्रार एकच असते : खांदा दुखतो. थोडी विचारपूस केली की कळते, चिरंजीव जिममध्ये जातात आणि बेंच प्रेस हा त्यांचा लाडका व्यायाम आहे. पालकांचा प्रश्न ठरलेला : ‘हे बंद करायचे का? उंची खुंटेल का?’ जाणकाराच्या देखरेखीखाली केलेल्या वजनाच्या व्यायामाने उंची खुंटते, याला आधार नाही. खरा प्रश्न निराळा आहे. रॉड कुठे पकडावा आणि कोणती साधने वापरावीत, हा तो प्रश्न होय.

स्क्वॉट, बेंच प्रेस आणि डेडलिफ्ट या तीन प्रकारांच्या स्पर्धेला पॉवरलिफ्टिंग म्हणतात. या खेळाचा आंतरराष्ट्रीय महासंघ १९७२ मध्ये स्थापन झाला. त्याच्या नियमानुसार दोन्ही तर्जनींमधील अंतर ८१ सेंटिमीटरहून अधिक असू नये. त्यासाठी रॉडवर दोन खुणा कोरलेल्या असतात. जिममधील अनेक मुले या खुणांनाच योग्य पकड समजतात. वस्तुतः ती मर्यादा आहे, शिफारस नव्हे.

रुंद पकडीचे आकर्षण समजण्याजोगे आहे. हात जितके दूर, तितका रॉडचा छातीपासूनचा प्रवास कमी. साहजिकच अनुभवी स्पर्धकाला अधिक वजन उचलता येते. अरुंद पकडीत हा प्रवास वाढतो आणि दंडाच्या मागील ट्रायसेप्स स्नायूवर अधिक भार येतो. परंतु पकड फार रुंद झाली की कोपरे बाहेर फाकतात, दंड धडापासून दूर जातो आणि रॉड छातीशी असताना खांद्याच्या सांध्यावर सर्वाधिक ताण पडतो.

म्हणून दोन्ही खांद्यांच्या टोकांवरील हाडांमधील अंतर मोजावे आणि पकड त्याच्या दीडपटीपलीकडे नेऊ नये, हा सुरक्षित संकेत मानला जातो. एखाद्या मुलाचे हे अंतर ३६ सेंटिमीटर असेल, तर त्याची मर्यादा ५४ सेंटिमीटर झाली. तोच मुलगा ८१च्या खुणा धरतो, तेव्हा त्याची पकड सव्वादोन पट होते! शिवाय कुमारवयात खांदे झपाट्याने रुंदावतात. त्यामुळे हे माप दर काही महिन्यांनी नव्याने घ्यावे लागते. फीत हाताशी नसेल तर सोपी खूण अशी : रॉड छातीला टेकलेला असताना समोरून पाहिल्यास कोपर ते मनगट हा भाग उभा, सरळ दिसावा. आपल्या तालमीतील जोर या बाबतीत सोयीचा होता. तिथे भार स्वतःच्या शरीराचा आणि हातांमधील अंतरही स्वतःच्याच खांद्यांच्या बेताचे.

साहाय्यक साधनांचे दोन वर्ग करता येतील. छातीवर लाकडी फळी ठेवून रॉड तिच्यापर्यंतच आणणे, रॉडला साखळ्या वा रबरी पट्टे जोडणे, ही सरावाची साधने. फळीमुळे हालचालीचा सर्वांत खालचा, अवघड टप्पा वगळला जातो. साखळ्या-पट्ट्यांमुळे रॉड वर जाईल तसा भार वाढत जातो. दुसरा वर्ग अंगावर घालायच्या साधनांचा : मनगटपट्टे, कमरपट्टा आणि बेंच शर्ट. हा ताठर कापडाचा शर्ट रॉड खाली येताना ताणला जातो आणि वर ढकलताना स्प्रिंगसारखी मदत करतो. त्यामुळे उघड्या अंगाने न पेलणारे वजनही उचलले जाते. म्हणूनच शर्टाविना होणाऱ्या ‘क्लासिक’ स्पर्धा स्वतंत्र भरतात.

बहुतेक साधनांचे मर्म एकच आहे : जिथे शरीर दुबळे, तिथे ती आधार देतात आणि त्या बळावर भार वाढू देतात. प्रौढ खेळाडूला, प्रशिक्षकाच्या नजरेखाली, हे उपयुक्त ठरते. वाढत्या मुलात मात्र हाडांच्या टोकांजवळील वाढीच्या कूर्चा अजून खुल्या असतात. मनगटाजवळील आणि खांद्याजवळील कूर्चा मुलग्यांत साधारणपणे सतरा-अठराव्या वर्षाच्या सुमारास, कधी त्याहूनही उशिरा मिटतात. अशा मुलाने मनगट दुखते म्हणून पट्टा आवळणे म्हणजे धोक्याची घंटा कापसात गुंडाळण्यासारखे आहे. खांद्याच्या वरच्या टोकाशी, बेंच प्रेस करताना आणि हात छातीवरून पलीकडे नेताना वाढणारी वेदना असेल, तर गळपट्टीच्या हाडाच्या बाहेरील टोकाची झीज लक्षात घ्यावी व क्ष-किरण चित्र काढावे. वेळीच विश्रांती दिल्यास बहुतेकांना आराम पडतो.

अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिआट्रिक्सने २००८ मध्ये, सांगाड्याची वाढ पूर्ण होईपर्यंत पॉवरलिफ्टिंग व कमाल वजने टाळावीत, असे सुचवले होते. २०२० च्या अहवालात योग्य तंत्र आणि जाणकार देखरेख यांवर भर आहे. दोहोंचे सार एकच : आधी तंत्र, मग वजन, आणि साधने सर्वांत शेवटी.

व्यावसायिक बंधूभगिनींना एक विनंती. खांदा वा मनगट दुखणारा कुमार समोर आला की वेदनाशामक लिहिण्यापूर्वी तीन प्रश्न अवश्य विचारावेत. रॉड कुठे धरतोस? काय बांधून वा घालून उचलतोस? आणि मागे कोण उभे असते? तिसऱ्याचे उत्तर ‘कोणी नाही’ असे आले, तर उरलेले दोन्ही बाजूला ठेवून पालकांना आत बोलवावे. अंगठा रॉडभोवती न वळवता, एकट्याने, जड वजन घेणाऱ्याच्या हातून रॉड निसटला तर तो थेट छातीवर वा गळ्यावर येतो. आणि तिथे पकडीचे कोणतेही माप कामास येत नाही.