द्वारसेवक, चर्चमधील

ख्रिस्ती उपासनेच्या वेळी चर्चच्या दाराशी थांबून येणाऱ्या भाविकांना आत घेणारा, त्यांना बसावयास जागा दाखविणारा आणि उपासना चालू असता मंडळीतील शिस्त सांभाळणारा स्वयंसेवक. इंग्रजीत यास ‘अशर’ म्हणतात. मुंबईतील रोमन कॅथलिक व प्रॉटेस्टंट अशा दोन्ही पंथांच्या लोकांच्या बोलण्यात हाच शब्द रूढ आहे. ‘ऑस्तियुम’ म्हणजे दार या लॅटिन शब्दापासून ‘ऑस्तियारियुस’ (द्वारपाल) हे नाम बनले व जुन्या फ्रेंच भाषेतून रूपांतर होत होत ते इंग्रजीत ‘अशर’ झाले. मराठी बायबलमध्ये ‘द्वारपाळ’ हा शब्द योजलेला आहे. आजच्या अशराचे काम दार राखण्यापेक्षा ते उघडे ठेवण्याचे अधिक असल्यामुळे येथे ‘द्वारसेवक’ ही संज्ञा वापरली आहे.

हे पद साधे दिसते. त्याला दीक्षाविधी नाही, मानधन नाही व पोशाखही बहुधा नाही. परंतु देवघरात कोणाला आत घ्यावयाचे आणि कोणी कोठे बसावयाचे, हा ख्रिस्ती समाजातील एक जुना व तीव्र प्रश्न आहे आणि तो प्रत्यक्षात सोडविण्याची वेळ प्रथम द्वारसेवकावरच येते.

जुन्या करारात जेरूसलेमच्या मंदिराचे द्वारपाळ लेवी वंशातील असल्याचे सांगितले आहे. पहिल्या इतिहासाच्या नवव्या अध्यायात त्यांची संख्या २१२ दिली असून रोज सकाळी दारे उघडणे व भांडाराच्या कोठड्यांवर देखरेख ठेवणे ही त्यांची कामे नमूद आहेत. कोणता दरवाजा कोणत्या कुळाकडे असावा, हे लहानमोठा असा भेद न करता चिठ्ठ्या टाकून ठरविले जाई. नव्या करारातील याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय तर आजच्या द्वारसेवकालाच उद्देशून लिहिला असावा, असे वाटते. सभेत सोन्याची अंगठी घातलेला मनुष्य आला म्हणजे त्याला मानाची जागा द्यावयाची आणि मळक्या कपड्यांतील दरिद्री मनुष्याला उभे ठेवावयाचे किंवा पायाशी बसवावयाचे, या वागणुकीचा त्यात स्पष्ट शब्दांत निषेध केला आहे.

सीरियात तिसऱ्या शतकात रचल्या गेलेल्या दिदास्कालिया या ग्रंथात उपासनास्थानातील बैठकव्यवस्थेचे नियम आढळतात. वृद्ध, तरुण, स्त्रिया, मुले यांच्या जागा ठरलेल्या असत व त्यांवर डीकन लक्ष ठेवी. एखादा वृद्ध दरिद्री मनुष्य आला व जागा उरली नसली, तर बिशपने स्वतः जमिनीवर बसावे. पण त्याला जागा द्यावी, असे हा ग्रंथ सांगतो. चौथ्या शतकातील अपोस्टॉलिक कॉन्स्टिट्यूशन्स या संकलनात पुरुषांच्या दारावर द्वारपाल व स्त्रियांच्या दारावर सेविका नेमावी, असा निर्देश आहे. त्या काळी दार राखण्याला आणखीही एक कारण होते. बाप्तिस्मा न झालेल्या उमेदवारांना प्रवचनानंतर बाहेर पाठवून मगच प्रभुभोजनाचा विधी होई. पौर्वात्य ऑर्थोडॉक्स उपासनेत दारे सांभाळण्याची जी सूचना डीकन अद्यापि देतो, ती या प्रथेचा अवशेष होय. आता दारे बंद मात्र होत नाहीत.

रोमचा पोप कॉर्नेलियस याने २५१ मध्ये लिहिलेल्या एका पत्रात त्या नगरातील चर्चच्या सेवकवर्गाची मोजदाद दिली आहे. तीत ४६ धर्मगुरू व ७ डीकन यांच्याबरोबर भूतनिवारक, वाचक व द्वारपाल मिळून ५२ जणांचा उल्लेख येतो. पुढे पाश्चात्त्य चर्चमध्ये द्वारपालपद हे चार कनिष्ठ दीक्षांपैकी सर्वांत खालची दीक्षा ठरले. दीक्षाविधीत बिशप उमेदवाराच्या हाती चर्चच्या किल्ल्या देई. उमेदवार दार लावून उघडी व घंटा वाजवी. कालांतराने हे पद पुरोहितपदाकडे जाणारी केवळ एक पायरी बनले व दार उघडण्याचे प्रत्यक्ष काम पगारी नोकराकडे गेले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) पोप सहावे पॉल यांनी १५ ऑगस्ट १९७२ च्या आदेशाने ही दीक्षा रद्द केली व १ जानेवारी १९७३ पासून तो आदेश अंमलात आला. मात्र मिस्साविधीच्या सर्वसाधारण नियमावलीच्या १०५ व्या परिच्छेदात दान गोळा करणारे आणि दाराशी लोकांचे स्वागत करून त्यांना जागेवर नेणारे व मिरवणुकीची व्यवस्था पाहणारे यांची गणना उपासनेतील सेवांमध्ये केलेली आहे. पद गेले, तरी काम असे टिकून राहिले.

इंग्लंडच्या चर्चमध्ये या कामासाठी ‘साइड्समन’ नेमण्याची पद्धत आहे. १६०४ च्या नियमांप्रमाणे लोक उपासनेस येतात की नाही हे पाहणे आणि त्या वेळी चर्चच्या आवारात व ओसरीवर गप्पा मारीत रेंगाळणाऱ्यांना हटकणे हे त्यांचे कर्तव्य होते. चारशे वर्षांनंतरही ओसरीवरच्या गप्पांचा बंदोबस्त कोणत्याही देशातील द्वारसेवकांना पूर्णपणे साधलेला नाही.

बाकांची व्यवस्था युरोपात मध्ययुगाच्या उत्तरार्धात रूढ झाली आणि तीबरोबर जागांवरील हक्कही आले. भाडे भरून बाक राखून ठेवण्याची चाल इंग्लंड-अमेरिकेत एकोणिसाव्या शतकापर्यंत सर्रास होती. अशा चर्चमध्ये द्वारसेवकाचे काम म्हणजे भाडेकऱ्याच्या बाकावर दुसरा कोणी बसू न देणे. मुंबईत कोट भागातील सेंट टॉमस चर्च १७१८ मध्ये उपासनेस खुले झाले. कंपनी सरकारच्या काळात तेथील जागांची वाटणी हुद्द्याप्रमाणे होई. पंचम जॉर्ज व राणी मेरी १९११ मध्ये मुंबईस आले असता ते ज्या खुर्च्यांवर बसले, त्या तेथे जपून ठेवलेल्या आहेत. कुलाब्याच्या अफगाण चर्चमधील (१८५८) बाकांना सैनिकांच्या बंदुका टेकवून ठेवण्यासाठी खाचा आहेत. त्या बाकांवर कोण बसावे, हे निराळे सांगावयास नको.

वर्णभेद व जातिभेद यांचा प्रवेश चर्चमध्ये बैठकीच्या वाटेनेच झाला. फिलाडेल्फियातील सेंट जॉर्ज मेथडिस्ट चर्चमध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीस प्रार्थनेसाठी गुडघे टेकलेल्या ॲब्सलॉम जोन्स (१७४६–१८१८) या कृष्णवर्णीय उपासकाला तेथील व्यवस्थापकांनी उठवून दुसरीकडे जाण्यास सांगितले. जोन्स व रिचर्ड ॲलन (१७६०–१८३१) हे आपल्या अनुयायांसह बाहेर पडले आणि त्यातूनच पुढे १८१६ मध्ये आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चची स्थापना झाली. अमेरिकेच्या दक्षिण राज्यांत १९६०–६४ च्या सुमारास गौरवर्णीयांच्या चर्चमध्ये उपासनेस जाऊ पाहणाऱ्या कृष्णवर्णीयांना दाराशी अडविण्याचे काम अनेक ठिकाणी द्वारसेवकांनीच केले. भारतात कलकत्त्याचे बिशप डॅन्येल विल्सन यांनी १८३३ मध्ये परिपत्रक काढून चर्चमधील जातवार बैठकीस बंदी केली. दक्षिणेत त्यावरून अनेक कुटुंबे चर्च सोडून गेली. तमिळनाडूतील वडक्कनकुलम् येथे तर वरिष्ठ व कनिष्ठ जातींसाठी दोन स्वतंत्र दालने असलेले चर्चच बांधण्यात आले होते व मधला अडसर विसाव्या शतकाच्या आरंभी काढावा लागला. महाराष्ट्रातील प्रॉटेस्टंट मंडळ्यांत सर्वांनी एकाच सतरंजीवर बसण्याचा मिशनऱ्यांचा आग्रह होता. नवख्रिस्ती लोकांना धर्मांतराच्या विधीपेक्षा त्या सतरंजीवर बसणे कधीकधी अधिक जड गेले असावे.

कॅथलिक परगण्यांत द्वारसेवकाची काही कामे पूर्वी ‘कॉन्फ्रारिया’ नावाच्या बंधुसंघांकडे असत. त्यांचे सभासद विशिष्ट झगा घालून मिरवणुकीत मेणबत्त्या, क्रूस व छत्र घेऊन चालत. गोव्यात या संघांचे सभासदत्व जातीशी निगडित झाल्याने मिरवणुकीतील मानावरून तंटे झाले आणि काही न्यायालयापर्यंतही गेले.

चर्चच्या किल्ल्या कोणाकडे, हा प्रश्न मुंबईत एकदा अक्षरशः उभा राहिला. पोर्तुगीज राजाच्या आश्रयाखालील ‘पाद्रुआदो’ व रोमच्या थेट अधिकारातील ‘प्रोपगंडा’ अशा दोन धर्मसत्ता येथे नांदत होत्या. १७९४ मध्ये बेटावरील चर्च त्यांच्यात वाटली गेली, तेव्हा दादरचे साल्व्हासांव चर्च पाद्रुआदोकडे व माहीमचे सेंट मायकल चर्च प्रोपगंडाकडे गेले. १८५३ मध्ये माहीमच्या बहुसंख्य परगणावासीयांनी पाद्रुआदोकडे जाण्याचे ठरविले, तेव्हा बिशप आनास्तासियुस हार्टमन (१८०३–६६) आपल्या पक्षाच्या लोकांसह चर्चमध्ये दारे लावून बसले. बाहेरून वेढा पडला आणि अखेर सरकारी अधिकाऱ्यांनी मध्ये पडून चर्च विरुद्ध पक्षाच्या हवाली केले. ही दुहेरी सत्ता १९२८ मध्ये संपुष्टात आली.

दादर पश्चिमेस गोखले मार्गावर असलेले साल्व्हासांव चर्च (अवर लेडी ऑफ साल्व्हेशन) हे फ्रान्सिस्कन धर्मसंघीयांनी १५९६ मध्ये स्थापन केले. ‘पोर्तुगीज चर्च’ हे त्याचे लोकप्रिय नाव चौकालाही लाभले आहे. सध्याची वास्तू चार्ल्स कोरिया (१९३०–२०१५) यांच्या आराखड्यानुसार १९७० नंतरच्या दशकात उभी राहिली. जुन्या चर्चमध्ये एक लांबट दालन, पुढे वेदी व मागे दार अशी सरळ रचना असते. येथे काँक्रीटची कवचाकार छते असलेले भाग व खुली अंगणे एकमेकांत गुंफलेली असून हवा व उजेड वरून आणि बाजूंनी खेळतात. अशा वास्तूत आत व बाहेर यांची सीमा पुसट होते. मुख्य दाराशी एक माणूस उभा केला म्हणजे भागले, असे होत नाही. अंगणात थबकलेल्यांना आत बोलावणे व आत जागा नसेल तेव्हा अंगणातच उपासनेत सामील करून घेणे, ही दोन्ही कामे करावी लागतात.

मुंबईच्या चर्चमधील द्वारसेवकाचा दिनक्रम पुढीलप्रमाणे असतो. उपासनेपूर्वी सुमारे अर्धा तास येऊन तो दारे-खिडक्या उघडतो, पंखे व ध्वनिक्षेपक पाहतो, गीतपुस्तके व साप्ताहिक पत्रक तयार ठेवतो. लोक येऊ लागल्यावर ते पुढच्या बाकांपासून बसतील असे पाहतो. हे काम वाटते त्याहून अवघड आहे, कारण बहुतेकांना मागची व कडेची जागा हवी असते. वृद्ध, अपंग, चाकाच्या खुर्चीतील व्यक्ती आणि तान्ह्या मुलांच्या माता यांच्यासाठी बाहेर पडण्यास सोयीच्या जागा राखल्या जातात. उशिरा येणाऱ्यांना शास्त्रवाचन किंवा प्रार्थना चालू असता पुढे न नेता एका वाचनानंतर दुसरे सुरू होण्याच्या संधीस नेतात. रोमन कॅथलिक मिस्सामध्ये दानाच्या थैल्या फिरविणे, भाकर व द्राक्षरस वेदीकडे नेणाऱ्यांना वेळेवर पुढे पाठविणे आणि कम्युनियनच्या वेळी एकेका बाकाला उठण्याची खूण करणे ही कामे त्याच्याकडे असतात. जमा झालेले दान एकट्याने मोजू नये, किमान दोघांनी मिळून मोजावे व नोंदीवर सह्या कराव्यात, हा सर्वत्र पाळला जाणारा दंडक आहे. चर्चच्या विश्वस्त संस्था महाराष्ट्राच्या १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली येत असल्याने या हिशेबाला कायद्याचेही बंधन आहे. उत्तर भारतीय चर्चच्या (स्थापना, नागपूर, २९ नोव्हेंबर १९७०) मराठी मंडळ्यांत हीच कामे पास्टोरेट समितीचे सभासद व तरुण संघातील मुलेमुली पाळीपाळीने करतात.

नाताळची मध्यरात्र, गुड फ्रायडे व ईस्टर या दिवशी गर्दी अनेक पटींनी वाढते. परंतु खरी कसोटी माहीमला दर बुधवारी लागते. तेथे ८ सप्टेंबर १९४८ पासून निरंतर साहाय्यमातेचा नोव्हेना चालू असून दिवसभर निरनिराळ्या भाषांत होणाऱ्या प्रार्थनांना हजारो लोक येतात. त्यांत हिंदू व अन्य धर्मीय पुष्कळ असतात. त्यांना नवसाची मेणबत्ती कोठे लावावी, चपला काढाव्यात की नाही, हे सांगावे लागते. कम्युनियन केवळ कॅथलिकांनाच दिले जाते. रांगेत आलेल्या अन्यधर्मीयाला हे कसे सांगावे, यात द्वारसेवकाचा विवेक दिसून येतो. अनुभवी सेवक त्याला रांगेतून मागे न परतविता, धर्मगुरूंपुढे हात जोडून आशीर्वाद घेण्यास सुचवितो.

द्वारसेवकाला पोलिसी अधिकार नाहीत. धार्मिक सभेत बुद्धिपुरस्सर व्यत्यय आणणे हा भारतीय दंडसंहितेच्या २९६ व्या कलमान्वये गुन्हा होता; १ जुलै २०२४ पासून ती तरतूद भारतीय न्यायसंहितेच्या ३०० व्या कलमात आहे. त्याचा आधार घेण्याची वेळ क्वचितच येते व येऊ नये, असेच धोरण असते. उलट कॅनन कायद्याच्या १९८३ च्या संहितेतील १२२१ व्या कलमाप्रमाणे उपासनेच्या वेळी चर्चमधील प्रवेश मुक्त व विनामूल्य असला पाहिजे. श्रीलंकेत २१ एप्रिल २०१९ रोजी ईस्टरच्या दिवशी झालेल्या बाँबस्फोटांनंतर या मुक्त प्रवेशावर सुरक्षेचे सावट पडले. त्या दिवशी बट्टिकलोआच्या झायन चर्चमध्ये शिरू पाहणाऱ्या हल्लेखोराला मंडळीतील एका मनुष्याने बाहेरच अडवून धरले. स्फोटात तो मरण पावला, पण आतील अनेकांचे प्राण वाचले. कोविड-१९ च्या साथीत महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे मार्च २०२० मध्ये बंद झाली, १६ नोव्हेंबर २०२० ला उघडली, दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद होऊन ७ ऑक्टोबर २०२१ पासून खुली झाली. त्या काळात तापमान पाहणे, एकाआड एक जागा रिकामी ठेवणे आणि संख्या पुरी झाल्यावर आलेल्या भाविकाला परत पाठविणे ही कामे द्वारसेवकांना करावी लागली.

हे काम पूर्वी प्रौढ पुरुषांकडेच असे. आता मुंबईच्या परगण्यांत स्त्रिया व महाविद्यालयीन मुलेमुलीही ते करतात. विवाहप्रसंगी मात्र निराळे द्वारसेवक असतात. ते वधूवरांच्या नात्यातील किंवा मित्रमंडळींपैकी असून वधूपक्ष व वरपक्ष यांना आपापल्या बाजूस बसविणे एवढेच त्यांचे काम असते.