गाडीचा ई.जी.आर. व्हॉल्व्ह घरी कसा तपासावा?



गेल्या हंगामात आमच्या शेतकी खात्याची जुनी डिझेल जीप काळा धूर ओकू लागली. चढाला दम लागायचा. एअर फिल्टर स्वच्छ होता. मिस्त्री म्हणाला, “ई.जी.आर. गेला, नवा घाला, नाहीतर पत्रा मारून बंद करू.” आम्ही आधी तपासायचे ठरवले.

गुऱ्हाळात जाळ फार भडकला तर पाक करपतो, म्हणून जाळ आवरावा लागतो. हा व्हॉल्व्ह इंजिनात तेच करतो. सायलेन्सरकडे जाणारा थोडा जळका वायू तो पुन्हा इंजिनात सोडतो. त्यामुळे आतली उष्णता उतरते आणि नायट्रोजन ऑक्साइड हा विषारी वायू कमी तयार होतो.

व्हॅक्यूम पाइपवर चालणाऱ्या साध्या व्हॉल्व्हची तपासणी अशी करावी :

१. इंजिन बंद व थंड असताना पाइप काढून चीर पाहावी. मग व्हॉल्व्हला काटा असलेला व्हॅक्यूमचा हातपंप जोडून ओढावे. काटा अर्धा मिनिट टिकला पाहिजे. लगेच पडला तर आतला पडदा फाटला समजावे.

२. गाडी मोकळ्या जागेत न्यूट्रलला ठेवून हँडब्रेक ओढावा, चाकांखाली दगड लावावेत. बंद शेडमध्ये इंजिन चालवू नये. धुराने जीव जातो.

३. इंजिन तापल्यावर रेस न देता पंप ओढावा. आवाज बदलला, इंजिन अडखळले आणि पंप सोडताच सुरळीत झाले, तर व्हॉल्व्ह ठीक आहे. पेट्रोल गाडी बंदही पडेल.

४. काहीच फरक नाही, पण इंजिन सुरळीत आहे, तर व्हॉल्व्ह मिटलेला अडकला किंवा वाट काजळीने बुजली. मुळातच अडखळत असेल, तर तो उघडा अडकल्याचा संशय घ्यावा.

आमच्या जीपचा पडदा शाबूत होता; व्हॉल्व्ह काजळीने उघडा अडकला होता. खोलून कार्बन क्लीनरने साफ केला, नवा घ्यावा लागला नाही.

१ एप्रिल २०२० नंतरच्या बी.एस. सहा गाड्यांत मात्र बहुधा विजेवर चालणारा व्हॉल्व्ह असतो. तिथे पंप चालत नाही. स्कॅनर लावूनच तपासून घ्यावे.

पत्रा मारून मात्र कोणी बंद करू नये. तो विषारी वायू आपल्याच वस्तीवर, आपल्याच पोरांच्या छातीत जातो. आधी तपासा, मग खर्च करा.

— ऊस विकास अधिकारी