इंटरनेटवर डॉक्युमेंटरी करताना...

आम्ही होस्टेलमधल्या पाचजणींनी इंटरनेटवर दहा मिनिटांची डॉक्युमेंटरी करायचं ठरवलं, तेव्हा सगळे म्हणाले, "त्यात काय, नेटवरूनच क्लिप्स उचलायच्या!" प्रत्यक्षात काम बरंच वेगळं निघालं. कुणाला अशी फिल्म करायची असेल तर उपयोगी पडेल म्हणून लिहिते. (कॉन्व्हेंटवाली असल्यामुळे इंग्रजी शब्द जास्त येतील, सांभाळून घ्या!)

पहिलं काम विषय ठरवण्याचं. 'इंटरनेट संस्कृती' हा विषय नाही, समुद्र आहे. भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमतर्फे. मराठी विकिपीडिया २००३ साली सुरू झाला. ऑर्कुट २००४ मध्ये आलं आणि ३० सप्टेंबर २०१४ ला बंदही झालं. हे सगळं दहा मिनिटांत कोंबलं तर नुसती सनावळी होते. म्हणून विषयातून एकच प्रश्न काढावा लागतो. आमचा प्रश्न होता: आपल्या माणसांसाठी टाकलेली गोष्ट अनोळखी लोकांपर्यंत पोचली की काय होतं?

उदाहरण लांब शोधावं लागलं नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. त्यावर पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर मत लिहिलं, तिच्या मैत्रिणीने ते लाइक केलं आणि दोघींना अटक झाली! पालघर तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं. वेगळा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला. ती केस पुढे बंद झाली. पण त्या अटकेनंतर श्रेया सिंघल या तरुणीने सुप्रीम कोर्टात याचिका केली आणि २४ मार्च २०१५ ला कोर्टाने आयटी कायद्याचं कलम ६६अ घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकत होती.

प्रश्न पक्का झाल्यावर एका कागदावर तीन रकाने आखा: काय दिसेल, काय ऐकू येईल, कोण बोलेल. ज्या ओळीपुढे 'काय दिसेल' रिकामं राहतं, ती ओळ फिल्मची नाही, निबंधाची!

शूटिंगमध्ये खरा त्रास आवाजाचा. घोडबंदर रोडवरच्या ट्रकचा आवाज नंतर काढून टाकता येत नाही. आम्ही मागच्या बाजूची खोली घेतली, पंखा बंद केला आणि कॉलर माइक वापरला. बोलणारी घामाघूम, पण शब्द न् शब्द स्पष्ट. दुसरं म्हणजे ट्यूबलाइटचे पट्टे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधी ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. कॅमेऱ्याचं शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की पट्टे जातात. मोबाइलचा स्क्रीन दाखवायचा असेल तर कॅमेऱ्याने शूट न करता सरळ स्क्रीन रेकॉर्डिंग घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं, परवानगी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ टीका-समीक्षेसाठी दुसऱ्याच्या कामाचा मर्यादित वापर करू देतं. पण कायद्यात बसणं वेगळं आणि त्या माणसाला विचारणं वेगळं. आमच्या मजल्यावरच्या एकीचा फोटो कुणीतरी विनोदी ओळ टाकून फिरवला होता. ग्रुपमध्ये सगळ्या हसल्या होत्या. आम्हाला तो फिल्मच्या सुरुवातीला हवा होता. तिला विचारलं, तर ती शांतपणे म्हणाली, "तुमच्या फिल्ममुळे तो अजून शंभर जणांना दिसेल ना?"

आमच्यात दोन दिवस वाद झाला. चेहरा ब्लर करू, असं दोघींचं म्हणणं. पण होस्टेलमध्ये तिला पाठीवरूनसुद्धा सगळे ओळखतात! शेवटी फोटो काढून टाकला. कारण आमचा प्रश्नच तो होता. तिला न विचारता फोटो दाखवला असता तर फॉरवर्ड करणाऱ्यात आणि आमच्यात फरक काय राहिला असता? तिने नंतर फक्त आवाज वापरायला परवानगी दिली, तीही नाव न सांगण्याच्या अटीवर. आता फिल्म काळ्या पडद्यावर तिच्या आवाजाने सुरू होते.

म्हणून एक सांगते: परवानगी शूटिंगच्या आधी, लेखी आणि मराठीत घ्या. फिल्म कुठे दाखवणार तेही त्यात लिहा. एडिटिंग झाल्यावर त्या माणसाला त्याचा भाग दाखवा आणि तेव्हाही 'नाही' म्हणायची मुभा ठेवा.

कुणाला फिल्म करायची असेल तर आमचा फॉर्म आणि कॉलर माइक दोन्ही मिळतील. फक्त माइकचे सेल स्वतःचे आणा!