कॅम्परव्हॅनसाठी सॅटेलाइट डोम निवडताना

युरोपात टीव्हीचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असल्याने डिशला दक्षिणेकडचे आकाश मोकळे लागते. झाड किंवा इमारत आड आली, तर महागडा डोमही निरुपयोगी ठरतो.

उपग्रह : ब्रिटिश वाहिन्या २८.२ अंश पूर्वेवरील ॲस्ट्रा-२ समूहावरून, जर्मन वाहिन्या १९.२ अंशांवरील ॲस्ट्रा-१ वरून, तर अनेक इटालियन वाहिन्या १३ अंशांवरील हॉट बर्डवरून मिळतात.

पोहोच : मुख्य ब्रिटिश वाहिन्यांचा झोत ब्रिटन व आयर्लंडवर केंद्रित आहे. उत्तर फ्रान्समध्ये लहान डिश पुरते. दक्षिण स्पेनमध्ये मात्र डोममध्ये मावणारी डिश अपुरी पडते.

रचना : डोमच्या कवचामुळे आतली डिश वाऱ्यापावसापासून सुरक्षित राहते, पण तिचा व्यास उघड्या डिशपेक्षा सहसा कमी असतो. स्वयंचलित डोम उपग्रह स्वतः शोधतो. त्यासाठी गाडीच्या बॅटरीची वीज लागते.

छत : डोमचे वजन, सौर पॅनेलवर पडणारी त्याची सावली आणि गाडीची वाढलेली उंची आधी तपासावी. कमी उंचीच्या पुलांखालून जाता येणे व फेरीबोटींचे भाडे या उंचीवर अवलंबून असते.

खरेदीपूर्वी प्रवासाचा मार्ग उपग्रहाच्या पोहोच-नकाशाशी ताडून पाहावा.