भाद्रपदातलं पिवळं पान

गणपतीच्या दिवसांत कोकणात गौरीसाठी तेरडा उपटून आणतात. त्याच सुमाराला घरच्या बागेत दोन गोष्टी एकदम सुरू होतात. झाडांना कळ्या येतात आणि पानं पिवळी पडू लागतात. कळ्यांचं कौतुक होतं. पानांकडे पाहून ‘ऋतू बदलला’ म्हणून माणसं गप्प बसतात. मला हे पटत नाही. थंड देशांतली मेपल-ओकसारखी झाडं हिवाळ्याआधी पानांतलं हरितद्रव्य मोडून त्यातला ऐवज खोडात परत घेतात, म्हणून त्यांची पानं रंगतात. आपल्या जास्वंदीला किंवा लिंबाला तशी घाई नसते. भाद्रपदात त्यांची पानं पिवळी पडली, तर बहुतेक वेळा झाड उपाशी असतं किंवा गुदमरलेलं असतं.

उपासमारीचं कारण सरळ आहे. झाडाला घेता येण्याजोग्या नत्राचा मोठा हिस्सा मातीत नायट्रेटच्या रूपात असतो आणि ते पाण्याबरोबर सहज वाहून जातं. मुंबईत वर्षाला 2000 मिलिमीटरच्या वर आणि रत्नागिरीत 3000च्या वर पाऊस पडतो, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. कुंडीतली मूठभर माती त्यापुढे किती टिकणार? नत्र कमी पडलं की झाड जुन्या पानांतलं काढून नव्या फुटीला देतं, म्हणून खालची पानं आधी पिवळी होतात. लोहाचं तसं होत नाही. ते जुन्या पानांतून सहसा हलत नाही, त्यामुळे कमतरता शेंड्याला दिसते: कोवळं पान पिवळं, पण शिरा हिरव्या. पान खालचं की वरचं, एवढं पाहिलं तरी निम्मं निदान होतं.

गुदमरणं जास्त फसवं. माती चिंब असते तेव्हा मुळांना हवा मिळत नाही, ती पाणी ओढू शकत नाहीत आणि झाड मलूल दिसतं. मग कोणीतरी कळवळून आणखी एक तांब्या ओततं! अशा वेळी कुंडीखालची ताटली काढावी (डेंग्यूच्या डासांची सोयही मोडते), तळाचं छिद्र काडीनं मोकळं करावं, वरची माती हलक्या हातानं खुरपावी. पाऊस खरोखर ओसरल्यावरच गांडूळखत घालावं; आधी घातलं तर त्यातलं बरंचसं गटारात जातं.

अपवाद आहेत. हळद आणि कळलावी पावसाळा सरल्यावर खरंच आवरतं घेतात आणि सगळा साठा कंदात नेतात. त्यांची पानं पिवळी पडली तर खतपाण्याचा मारा करू नये. सोनटक्क्याचाही फुलून गेलेला दांडा वाळणारच, तो बुडातून कापला की शेजारच्या कोंबांना जागा होते.

खरा रंग पाहायचा तो क्रोटनचा. ढगाळ आषाढ-श्रावणात त्याची नवी पानं हिरवटच राहतात. आश्विनाचं ऊन तापलं की लाल-पिवळे पट्टे उठून येतात. सावलीतली कुंडी उन्हात सरकवायची हीच वेळ, पण टप्प्याटप्प्यानं, नाहीतर पानं करपतात.

शेवंती मात्र ऊन बघत नाही, रात्र बघते. पुण्यात जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो, डिसेंबरात अकराच्या. रात्र पुरेशी लांबली की शेवंती पानं वाढवणं सोडून कळ्या धरते. दिवसाच्या लांबीचा फुलण्याशी असलेला हा संबंध गार्नर आणि अलार्ड या अमेरिकी संशोधकांनी 1920 मध्ये तंबाखू, सोयाबीन अशा पिकांवरून मांडला. आता गॅलरीसमोर रात्रभर रस्त्याचा दिवा जळत असेल, तर झाडाला रात्र झालेलीच कळत नाही. ‘खत घातलं, शेंडे खुडले, तरी शेवंती फुलत नाही’ असं कोणी सांगितलं की मी आधी दिव्याचं विचारतो. कुंडी इमारतीच्या अंधाऱ्या बाजूला हलवणं हा बिनखर्चाचा उपाय आहे. शेंडे खुडायचे ते कळ्या धरण्याआधी. नंतर खुडलं की फुलंच जातात.

झेंडूची पंचाईत वेगळी. हस्ताचा पाऊस नेमका दसऱ्याच्या तोंडावर येतो. गच्च पाकळ्यांत पाणी साचून टपोरी फुलं आतून कुजतात आणि भारानं फांद्या कलतात. झाडाला काठीचा आधार द्यावा, सडकी फुलं लगेच तोडावीत, पाणी बुंध्याशीच घालावं. मोठ्या फुलांपेक्षा बुटक्या, लहान फुलांच्या जाती या पावसात बऱ्या तगतात. तोरणात त्या थोड्या किरकोळ दिसतात, हे मान्य. दसरा झाला म्हणून झाडं उपटायची घाई करू नये. वाढत्या झेंडूच्या मुळांतलं एक द्रव्य मातीतल्या सूत्रकृमींना मारतं आणि त्याच सूत्रकृमी वांग्या-टोमॅटोच्या मुळांना गाठी आणतात. फुलं संपेपर्यंत झेंडू ठेवावा आणि मग त्याच वाफ्यात टोमॅटोची रोपं लावावीत.