राज्याचा वकील कोण निवडतो? छत्तीसगडमध्ये राज्यपाल, न्यूयॉर्कमध्ये पक्षाचा मतदार

हुडको (भिलाई), विशेष प्रतिनिधी : भिलाईच्या हुडको वसाहतीतील मतदार आपला नगरसेवक, आमदार आणि खासदार स्वतः निवडतो. बिलासपूरच्या उच्च न्यायालयात छत्तीसगड राज्याच्या वतीने, म्हणजे पर्यायाने त्याच्याच वतीने, उभा राहणारा महाधिवक्ता मात्र तो निवडत नाही. त्या पदासाठी कोणाकोणाची नावे विचाराधीन होती आणि त्यांतून एकाची निवड का झाली, हेही त्याला कधी सांगितले जात नाही. अमेरिकेतील बहुतांश राज्यांत मात्र याच स्वरूपाचे पद, म्हणजे राज्याचा अॅटर्नी जनरल, थेट मतदानाने भरले जाते. त्याच्याही आधी पक्षाची उमेदवारी कोणाला मिळावी यासाठी एकाच पक्षाचे इच्छुक मतदारांसमोर एकमेकांविरुद्ध उभे राहतात. विधिज्ञांची अशी जाहीर तुलना कशाच्या आधारे होते आणि ती कितपत खरी ठरते, हे भारतीय वाचकाने समजून घेण्याजोगे आहे.

आपल्याकडील व्यवस्था राज्यघटनेच्या अनुच्छेद १६५ मध्ये आहे. उच्च न्यायालयाचा न्यायाधीश होण्यास पात्र असलेल्या व्यक्तीची राज्यपाल महाधिवक्ता म्हणून नियुक्ती करतात. किमान दहा वर्षे उच्च न्यायालयातील वकिली किंवा तितकीच वर्षे न्यायिक पद, ही त्यासाठीची अट. महाधिवक्त्याला विधिमंडळात बोलता येते, मत देता येत नाही. फौजदारी स्वरूपाच्या न्यायालय अवमानाची याचिका खासगी व्यक्तीला करायची असल्यास त्याची लेखी संमती लागते. पदाची मुदत ठरलेली नाही. राज्यपालांची मर्जी असेपर्यंत तो पदावर राहतो. राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात, त्यामुळे ही मर्जी व्यवहारात मुख्यमंत्र्यांची असते.

या मर्जीचा अर्थ दुर्ग-भिलाई परिसराने २०१९ मध्ये जवळून पाहिला. २०१८ च्या डिसेंबरात काँग्रेसचे सरकार आल्यानंतर दुर्गमध्ये वकिली केलेले ज्येष्ठ विधिज्ञ कनक तिवारी महाधिवक्ता झाले. काही महिन्यांतच, मे अखेरीस, त्यांचा राजीनामा स्वीकारल्याचे तत्कालीन मुख्यमंत्री भूपेश बघेल यांनी सांगितले. आपण राजीनामा दिलेलाच नाही, असे तिवारी यांचे म्हणणे होते. या वादाचा निकाल कोणत्याही मतदाराकडे नव्हता. सतीशचंद्र वर्मा यांची नियुक्ती झाली आणि प्रकरण मागे पडले.

अमेरिकेत ४३ राज्यांत अॅटर्नी जनरल जनता निवडते. पाच राज्यांत गव्हर्नर त्याची नियुक्ती करतो, मेनमध्ये विधिमंडळ तर टेनेसीत सर्वोच्च न्यायालय. एडिसन आणि आसपासच्या गावांत मोठ्या संख्येने राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही या पदासाठी मत देता येत नाही, कारण न्यू जर्सी नियुक्तीवाल्या पाच राज्यांपैकी एक आहे. तेथे २०१८ मध्ये गुरबीर ग्रेवाल यांना गव्हर्नर फिल मर्फी यांनी नेमले होते. उलट कॅलिफोर्नियात कमला हॅरिस यांना २०१० मध्ये आधी पक्षातील अनेक प्रतिस्पर्ध्यांना आणि मग रिपब्लिकन पक्षाच्या स्टीव्ह कूली यांना हरवावे लागले. ही दुसरी लढत इतकी चुरशीची झाली की निकाल स्पष्ट व्हायला तीन आठवडे लागले.

पक्षांतर्गत प्राथमिक निवडणूक ही कल्पना विदर्भाला अगदीच अनोळखी नाही. काँग्रेसने २०१४ च्या लोकसभेपूर्वी मोजक्या मतदारसंघांत हा प्रयोग केला, त्यांत वर्धा होते. तेथे सागर मेघे आणि चारुलता टोकस यांच्यात लढत झाली, मेघे जिंकले आणि पुढे मुख्य निवडणूक भाजपच्या रामदास तडस यांनी जिंकली. मेघे हे तत्कालीन खासदारांचे पुत्र, तर टोकस या प्रभा राव यांच्या कन्या. मतदान पक्षाच्या निवडक पदाधिकाऱ्यांपुरतेच होते, आणि घराण्यांची पकड प्रयोगानेही सुटली नाही. न्यूयॉर्कमध्ये मात्र त्या पक्षाचा म्हणून नोंदणी केलेला कोणताही मतदार मत देऊ शकतो.

त्याच न्यूयॉर्कमधील २०१८ ची डेमोक्रॅटिक लढत उदाहरण म्हणून घेण्यासारखी आहे. महिलांना मारहाण केल्याच्या आरोपांनंतर अॅटर्नी जनरल एरिक श्नायडरमन यांनी मे महिन्यात राजीनामा दिला. उरलेल्या मुदतीसाठी नेमलेल्या बार्बरा अंडरवुड यांनी निवडणूक लढवण्यास नकार दिला. १३ सप्टेंबरच्या मतदानाला चार उमेदवार होते आणि धोरणांत त्यांच्यात फारसे अंतर नव्हते. चौघेही ट्रम्प प्रशासनाला न्यायालयात खेचण्याची भाषा करत होते. त्यामुळे तुलना एका वेगळ्याच प्रश्नावर येऊन ठेपली : राज्याचे गव्हर्नर अँड्र्यू कुओमो यांच्यापुढे यांपैकी कोण ताठ उभा राहील?

लेटिशिया जेम्स या न्यूयॉर्क शहराच्या लोकाधिवक्ता होत्या. गरिबांचे खटले लढवण्याचा आणि अॅटर्नी जनरलच्या ब्रुकलिन कार्यालयाची जबाबदारी सांभाळण्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. या एका निकषावर त्यांचे पारडे जड होते. परंतु पक्षसंघटना आणि खुद्द कुओमो त्यांच्या पाठीशी होते. ज्या वर्किंग फॅमिलीज पक्षाच्या चिन्हावर त्या पूर्वी शहर परिषदेत निवडून आल्या, तो यंदा कुओमोंच्या विरोधात होता, आणि जेम्स यांनी त्याचा पाठिंबा मागितला नाही. टीकाकारांच्या दृष्टीने हाच पुरेसा पुरावा होता.

झेफिर टीचआउट या फोर्डम विद्यापीठात कायदा शिकवणाऱ्या प्राध्यापिका, भ्रष्टाचाराच्या कायदेशीर इतिहासावरील पुस्तकाच्या लेखिका. २०१४ मध्ये त्यांनी गव्हर्नरपदाच्या प्राथमिक निवडणुकीत कुओमोंनाच आव्हान देऊन सुमारे एक तृतीयांश मते घेतली होती. कंपन्यांच्या देणग्या त्या घेत नव्हत्या. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने त्यांना पाठिंबा दिला. शेकडो वकिलांचे कार्यालय चालवण्याचा अनुभव मात्र त्यांच्याकडे नव्हता. शॉन पॅट्रिक मलोनी हे विद्यमान काँग्रेस सदस्य, आणि त्याच वर्षी ते आपली जागाही लढवत होते. एका वेळी दोन दगडांवर पाय ठेवल्याची टीका त्यांना सहन करावी लागली. लीसिया ईव्ह यांनी हिलरी क्लिंटन यांच्यासोबत आणि कुओमो प्रशासनात काम केले होते. उमेदवारीपूर्वी त्या व्हेरायझन या दूरसंचार कंपनीत होत्या. ज्या कंपन्यांवर या कार्यालयाची नजर असायची, त्यांपैकीच एकीतून येणे त्यांना अडचणीचे ठरले.

जेम्स यांना सुमारे ४०, टीचआउट यांना ३१, मलोनी यांना २५ आणि ईव्ह यांना ३ टक्के मते मिळाली. या निवडणुकीत दुसरी फेरी नसते. म्हणजे दहांपैकी सहा मतदारांनी नाकारलेला उमेदवार पक्षाचा झाला, आणि डेमोक्रॅटांचे प्राबल्य असलेल्या राज्यात नोव्हेंबरचा निकाल त्यानंतर जवळपास औपचारिकच होता.

पुढे जे घडले ते प्रचारातील तुलनेला उलटे पाडणारे होते. २०२१ च्या आरंभी कुओमो यांच्यावर लैंगिक छळाचे आरोप झाले. चौकशीसाठी आपल्या पसंतीचे निवृत्त न्यायाधीश नेमण्याचा त्यांचा प्रयत्न होता. जेम्स यांनी तो मान्य केला नाही आणि चौकशी अॅटर्नी जनरलच्या कार्यालयाकडे सोपवावी असा आग्रह धरला. कायद्यानुसार त्यासाठी गव्हर्नरची संमती लागत होती. कुओमो यांना ती द्यावी लागली. ३ ऑगस्टला जाहीर झालेल्या अहवालात त्यांनी ११ महिलांचा छळ केल्याचा निष्कर्ष होता. कुओमो यांनी आरोप नाकारले, पण आठवडाभरात राजीनाम्याची घोषणा केली. ज्यांच्या पाठिंब्यामुळे जेम्स यांच्याकडे संशयाने पाहिले गेले, त्यांचीच चौकशी त्यांनी तडीस नेली. त्यांना धैर्य अधिक होते की पदावरून काढण्याचा अधिकार गव्हर्नरकडे नव्हता, याचे उत्तर कदाचित दुसऱ्या भागात अधिक आहे.

निवडणुकीची दुसरी बाजूही झाकता येणार नाही. ट्रम्प यांच्याविरुद्ध कारवाईची भाषा जेम्स यांनी प्रचारातच केली होती. २०२२ मध्ये दाखल झालेल्या दिवाणी दाव्यात ट्रम्प यांच्या वकिलांनी नेमके तेच पूर्वग्रहाचा पुरावा म्हणून पुढे केले. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायालयाने ट्रम्प यांना सुमारे ३५.५ कोटी डॉलर भरण्याचा आदेश दिला, तर ऑगस्ट २०२५ मध्ये अपिलात ही रक्कम रद्द झाली. मते मागताना दिलेले आश्वासन खटल्यात वकिलाच्या पायात अडकू शकते. शिवाय स्वतः कुओमो आणि त्यांच्याआधी एलियट स्पिट्झर हे दोघेही याच पदावरून गव्हर्नर झाले, त्यामुळे अनेक इच्छुक ही खुर्ची पुढच्या पायरीसारखी पाहतात.

भारतात ही अडचण नाही, आणि तुलनाही नाही. महाराष्ट्राचे महाधिवक्ता श्रीहरी अणे यांनी स्वतंत्र मराठवाड्याबाबतच्या वक्तव्यावरून विधिमंडळात गदारोळ होताच मार्च २०१६ मध्ये राजीनामा दिला. विदर्भाबाबतची त्यांची मते नियुक्तीच्या वेळीही जगजाहीर होती. ती तेव्हा जाहीरपणे तपासली गेली असती, तर कदाचित प्रसंगच आला नसता. त्यांच्यानंतर काही काळाने आलेले आशुतोष कुंभकोणी मात्र २०१९ च्या सत्तांतरानंतरही पदावर राहिले, म्हणजे सरकार बदलले की वकील बदललाच पाहिजे असा नियम नाही. त्याच मार्च २०१६ मध्ये पंजाब आणि हरियाणाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने राज्यांच्या विधी अधिकाऱ्यांच्या नेमणुका मनमानी असू नयेत, गुणवत्तेची पारदर्शक पारख व्हावी, असे बजावले.

छत्तीसगडला या पारखेचे मोल माहीत आहे. २०१२ च्या दुरुस्तीने राज्यातील एकूण आरक्षण ५८ टक्के झाले होते, त्यांत अनुसूचित जमातींचा वाटा ३२ टक्के. त्याचा बचाव आधी भाजप आणि नंतर काँग्रेस सरकारच्या वकिलांनी केला. १९ सप्टेंबर २०२२ रोजी बिलासपूरच्या उच्च न्यायालयाने ही दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली. भरती परीक्षांचे निकाल आणि महाविद्यालयीन प्रवेश अडकले. १ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली, तोवर सात महिने उलटले होते.