घोडा कुणाचा, मान कुणाचा?

कळसच्या श्रोत्यांनो, कामगार चळवळीतल्या आम्हांला घोडेस्वारीशी काय कर्तव्य? आहे! शिस्तबद्ध चाल, रानातली दौड आणि अडथळ्यांवरील उड्या यांची संयुक्त स्पर्धा १९१२ साली स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये आली, ती लष्करी अधिकाऱ्यांपुरतीच. १९४८ साली लंडनला नुसत्या शिस्तीच्या स्पर्धेत स्वीडनने जिंकलेले सुवर्णपदक पुढे हिरावले गेले. कारण एक स्वार अधिकारी नव्हता! १९५२ साली ती अट गेली, १९६४ साली संयुक्त स्पर्धेत स्त्रियाही उतरल्या आणि १९६६ साली जागतिक अजिंक्यपद सुरू झाले. १९८२ साली दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत रघुवीर सिंगांनी सुवर्ण जिंकले. २००० साली मुंबईचे इम्तियाज अनीस सिडनीला खेळले. हुद्द्याची अट गेली. घोड्याच्या किमतीची मात्र उरली. खरारा करणारा खोगिरावर केव्हा बसणार, हाच आमचा प्रश्न आहे.